विजेचे नवे दिवे आणि आपलें जुनें घर

संध्याकाळीं देवगडच्या बंदरांत होड्या परतूं लागल्या आणि किल्ल्यावरील दीपगृहाचा झोत समुद्रावर पडूं लागला, म्हणजे गांवांत घरोघरीं दिवेलागणीची वेळ होते. या एका वेळेचा इतिहास पाहूं गेलें तर तीन पिढ्यांत केवढा पालट झाला आहे! आमच्या आजीनें आपलें बालपण उंडीच्या तेलाच्या दिव्यापाशीं काढलें. आमच्या लहानपणीं रॉकेलचा कंदील खुंटीवरून अजून उतरला नव्हता. वीज आली होती, पण ती पावसाळ्यांत पाहुण्यासारखी येई आणि न सांगतां निघून जाई. पुढें साठ वॅटचा पिवळा बल्ब, त्यामागून पिळदार नळ्यांचा सी.एफ.एल. आणि आतां एल.ई.डी., असा हा प्रवास आहे. दिवा बदलला, उजेड वाढला, बिल उतरलें. हें सर्व उत्तमच झालें. परंतु दिवा ज्या होल्डरांत बसतो तो होल्डर, तो ज्या तारेला लोंबतो ती तार, आणि ती तार ज्या बटनापर्यंत जाते तें बटन, हीं सर्व पुष्कळ घरांतून जुन्या बल्बाच्याच काळचीं आहेत. नवा दिवा अशा जुन्या घरांत राहावयास आला म्हणजे काय होतें आणि आपण कोणती सावधगिरी बाळगावी, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आमच्याच घरची हकीकत सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं मागील दारच्या पडवींतला जुना बल्ब काढून त्या जागीं नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा लावला. पावसाळा सुरू होतांच एक चमत्कार दिसूं लागला. बटन बंद केलें तरी दिवा पुरता विझत नसे. काजव्यासारखा मंद तेवत राही. घरांतील मंडळींस याचें मोठें कौतुक वाटलें. “फुकटचा रात्रदिवा मिळाला,” असें आम्हीहि हंसून म्हणालों. वर्गांत मुलांना विद्युत्प्रवाह शिकविणाऱ्या आम्हांस त्याचें कारण शोधण्याची बुद्धि कांहीं झाली नाहीं.

पुढील श्रावणांत तो दिवा बिघडला. आमचा धाकटा मुलगा नुकताच शाळेंतून आला होता. त्यानें शिकविल्याप्रमाणें आधीं बटन बंद केलें, अनवाणीच स्टुलावर चढला, आणि जांभ्याच्या ओल्या भिंतीस एक हात टेकून दुसऱ्या हातानें दिवा काढूं लागला. दिवा निघाला, पण त्याचें बोट होल्डरांतील पितळी टोकास लागलें आणि मुलगा स्टुलावरून खालीं फेंकला गेला. कोपर खरचटलें, घाबरून अंग थरथरत होतें. याहून अधिक कांहीं झालें नाहीं, ही देवाची कृपा. दुसऱ्या दिवशीं वायरमन आला. त्यानें होल्डरांत टेस्टर धरला. बटन बंद होतें, तरी टेस्टर पेटला. मग त्या मंद दिव्याची गोष्ट आम्हीं त्यास सांगितली, तेव्हां तो आपल्या मालवणींत एवढेंच म्हणाला, “गुरुजी, दिवो तुमका सांगत होतो, तुमी आयकूक नाय.”

तें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें आहे. दिवा सांगत होता म्हणजे काय, हें समजण्यासाठीं जुन्या व नव्या दिव्यांत भेद कोणता तो आधीं पाहिला पाहिजे.

१८७९ सालीं अमेरिकेंत एडिसननें कोळशाच्या तंतूचा टिकाऊ दिवा करून दाखविला. पुढें कोळशाच्या जागीं टंगस्टन धातूची बारीक तार आली. वीज जातांना ही तार सुमारें अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापल्यामुळें प्रकाशते. म्हणजे जुना बल्ब ही खरें पाहतां एक लहानशी भट्टीच होय. प्रकाश हा तिचा जोडधंदा. तिला दिलेल्या शंभर भाग विजेपैकीं पांच ते दहा भागांचाच काय तो प्रकाश होतो; बाकीची सारी उष्णता.

एल.ई.डी. दिव्यांत तापणारी तार नाहींच. त्यांत अर्धवाहक पदार्थाचे तांदळाच्या कणीएवढे बारीक तुकडे बसविलेले असतात. त्यांतून वीज जातांना दोन थरांच्या सांध्यापाशीं विद्युत्कण आपली अधिक ऊर्जा टाकून देतात, आणि ती थेट प्रकाशरूपानें बाहेर पडते. तांबडा प्रकाश देणारा असा तुकडा १९६२ सालींच तयार झाला होता. पण पांढरा उजेड करावयास निळा प्रकाश अवश्य, आणि तो साधण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. अकासाकी, अमानो व नाकामुरा या जपानांत जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनीं गॅलियम नायट्राइड या हट्टी पदार्थावर चिकाटीनें काम करून तो साधला, आणि त्याबद्दल २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक तिघांस मिळून देण्यांत आलें. आपल्या दिव्यांत हा निळा प्रकाश पिवळ्या भुकटीच्या लेपांतून बाहेर येतो आणि दोहोंच्या मिश्रणानें डोळ्यांस पांढरा भासतो.

यांतील काटकसरीचा हिशेब मुलांनीं स्वतः करून पाहावा. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. साठ वॅटचा बल्ब रोज पांच तास जळला तर तीस दिवसांत ९ युनिटें होतात. जवळजवळ तितकाच उजेड देणारा नऊ वॅटचा एल.ई.डी. तेवढ्याच वेळांत १.३५ युनिट घेतो. घरांत असे पांच दिवे असले तर महिन्याकाठीं ४५ युनिटांच्या जागीं पावणेसात युनिटांत काम भागतें.

याच हिशेबावर भरवसा ठेवून केंद्र सरकारनें ५ जानेवारी २०१५ रोजीं एक योजना सुरू केली. ती पुढें ‘उजाला’ या नांवानें प्रसिद्धीस आली. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी संस्थेनें दिवे घाऊक खरेदी करण्यास आरंभ केला, आणि २०१४ च्या सुरुवातीस जो दिवा ३१० रुपयांस पडे, तो २०१६ मध्यें ३८ रुपयांस पडूं लागला. या योजनेंतून देशांत छत्तीस कोटींहून अधिक दिवे वांटले गेले; त्यांतील दोन कोटींहून अधिक महाराष्ट्रांत आले. एका पिढीच्या डोळ्यांदेखत एवढा मोठा पालट क्वचितच होतो. पण दिवे बदलले तसे होल्डर कोणी बदलले नाहींत. ते बहुतेक घरांतून होते तेच राहिले.

आतां एक गैरसमज दूर केला पाहिजे. एल.ई.डी. दिवा गार असतो असें सर्वत्र बोलतात. त्याचा पांढरा गोळा फारसा तापत नाहीं हें खरें; पण गोळा व टोपण यांच्या मधला जो निमुळता भाग, ज्यास आपण दिव्याची मान म्हणूं, तो तासाभरांत बराच तापतो. जुना बल्ब आपली उष्णता किरणांच्या रूपानें सभोंवार फेंकी; त्याजवळ हात नेला तर ऊब लागे. एल.ई.डी. पुढें केवळ प्रकाश पाठवितो आणि उरलेली उष्णता मागें मानेंतील धातूच्या वाटे हवेंत सोडतो. त्याच मानेंत एक चिमुकलें यंत्रहि दडलेलें असतें. आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टची व सेकंदास पन्नास आंदोलनें करणारी. अर्धवाहक तुकड्यांस मात्र लागतो एकाच दिशेचा मोजका प्रवाह. हा पालट तें यंत्र करतें. त्यांत वीज क्षणभर सांठवून ठेवणारें एक लहानसें नळकांडें असतें; त्यास कपॅसिटर म्हणतात. त्याच्या पोटांतील द्रव उष्णतेनें हळूहळू सुकतो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं कपॅसिटरचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

यावरून हें उघड होईल कीं, सर्व बाजूंनीं बंद हंडींत एल.ई.डी. दिवा गुदमरतो. माजघरांतील काचेचा गोळा, छतांत दडविलेली वाटी, ओटीवरची जाळीदार पण वरून झांकलेली कंदिली, या सर्व जागा जुन्या बल्बास चालत. त्याच्या पोटांत बिघडण्यासारखें कांहींच नव्हतें. नव्या दिव्यास मात्र वारा पाहिजे. शिवाय दिवा छतापासून खालीं टांगलेला असला म्हणजे मान वर येते. ऊन हवाहि वरच जाते, म्हणून मान अधिकच शेकते. अशा जागीं हंडीचें एक तरी तोंड उघडें ठेवावें, अथवा कमी वॅटचा दिवा लावावा, अथवा खोक्यावर बंद आवरणांत लावण्यास योग्य असें स्पष्ट छापलेला दिवा घ्यावा. पावसाळ्याच्या तोंडीं हंडींत पडणारे पंखाचे किडे व पालीची घाण सांठूं देऊं नये. चुलीच्या वाफेंत व धुरांत, अगदीं तिच्यावर, दिवा टांगूं नये.

वॅटविषयींहि घोटाळा होतो. खोक्यावर ‘९ वॅट’ असें लिहून शेजारीं ‘६० वॅटच्या बरोबरीचा’ असें लिहिलेलें असतें. यांतला पहिला आंकडा विजेचा खरा खर्च, दुसरा केवळ तुलनेसाठीं. होल्डरवर वा हंडीवर ‘४० वॅटपर्यंत’ अशी मर्यादा असली तर ती पहिल्या आंकड्याशीं ताडून पाहावी. उजेड किती तें वॅटवरून न ठरवितां लुमेन या मापावरून ठरवावें. साठ वॅटचा जुना बल्ब साधारण सातशें ते आठशें लुमेन प्रकाश देत असे, आणि चांगला नऊ वॅटचा एल.ई.डी. तितका किंवा थोडा अधिक देतो. मात्र मर्यादा चाळीसची आहे म्हणून चाळीस वॅटचा मोठा एल.ई.डी. आणून जुन्या लोंबत्या होल्डरांत अडकविणें शहाणपणाचें नव्हे. तो वजनानेंहि भारी असतो, आणि ठिसूळ झालेला होल्डर तें वजन पेलीलच असें नाहीं. विकत घेतांना खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीची खूण व ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित पट्टी आहे कीं नाहीं तें पाहावें. बाजारांत फिरत्या विक्रेत्यापाशीं मिळणारा निनांवी दिवा दहा-वीस रुपयांनीं स्वस्त असेल. पण त्याच्या मानेंत काय भरलें आहे तें कोण सांगणार?

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. आमच्या अनुभवाप्रमाणें नवा दिवा घरांतील दोष चार प्रकारें बोलून दाखवितो.

पहिला प्रकार विझविल्यावरहि तेवण्याचा. साठ वॅटच्या बल्बास पेटावयाला सुमारें पाव अँपिअर प्रवाह लागे. एकहजारांश अँपिअर वीज चोरून झिरपली तर त्याची तार साधी कोमटहि होत नसे. म्हणून दोष असला तरी तो दिसत नसे. एल.ई.डी. इतका मिताहारी आहे कीं, त्या झिरपणाऱ्या थेंबानेंहि तो मिणमिणतो किंवा मधूनमधून लुकलुकतो. झिरपण्याचीं कारणें अनेक असतात. बटनांत अंधारांत दिसण्यासाठीं बारीक तांबडा दिवा असतो, त्यांतून थोडी वीज पुढें जाते. हें कारण निरुपद्रवी. जिन्याच्या दिव्यास खालीं एक व वर एक अशीं दोन बटनें असतात, तेथें लांबवर शेजारीं शेजारीं गेलेल्या तारांमुळेंहि असें घडतें. पावसाळ्यांत बटनाच्या पेटींत ओल शिरली तरी घडतें. परंतु चौथें कारण भयंकर आहे, आणि आमच्या पडवींत तेंच होतें. बटन चुकीच्या तारेवर बसविलेलें होतें.

ही गोष्ट नीट समजून घ्यावी. दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेजची, हिच्यांत २३० व्होल्टचा दाब असतो. दुसरी न्यूट्रलची, ती वीज परत नेते. नियम असा कीं बटन फेजच्या तारेवर असावें, म्हणजे बटन बंद करतांच दाब होल्डरपर्यंत पोंचतच नाहीं. तें न्यूट्रलच्या तारेवर बसविलें तरी दिवा लागतो आणि विझतोहि; म्हणून कोणास संशय येत नाहीं. पण दिवा विझला असतांहि होल्डरांत फेज उभीच असते. ओसरलेल्या नदीचें पाणी जसें बांधाच्या अलीकडेच अडावें, तें बांध पलीकडे घातल्यामुळें घरापर्यंत भरून राहावें, तसा हा प्रकार आहे. ओल्या भिंतीच्या वाटेनें त्या दाबांतून किंचित् वीज जमिनींत झिरपते आणि वाटेंतला दिवा मंद तेवतो. कोठें पाणी भरलें आहे तें तो आपल्या परीनें दाखवीत असतो. सबब विझविलेला दिवा तेवत असेल तर कौतुक न करतां वायरमनास बोलवावें, आणि बटन फेजवर आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें. तोंवर त्या होल्डरास कोणीं हात लावूं नये.

दुसरा प्रकार दिवा चालू असतां लुकलुकण्याचा. सर्व गांवांतले दिवे एकदम लुकलुकले तर दोष बाहेरच्या विजेचा. पण एकच दिवा लुकलुकत असेल तर बहुधा त्याचा होल्डर सैल झालेला असतो. आपल्याकडील दोन कानांच्या होल्डरांत दोन पितळी टोकें असतात व त्यांमागें स्प्रिंगा. वर्षानुवर्षें साठ किंवा शंभर वॅटची आंच खाऊन या स्प्रिंगा मऊ पडतात, आणि आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा पितळेवर हिरवट थर चढविते. मग टोक व दिवा यांची भेट पुरती होत नाहीं. अशा वेळीं दिवा बदलून उपयोग नाहीं. होल्डरच बदलला पाहिजे. पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या, उजेड कमीजास्त करणाऱ्या जुन्या बटनावरहि साधा एल.ई.डी. लुकलुकतो व लवकर बिघडतो; त्यासाठीं मुद्दाम तसा केलेला दिवा निराळा मिळतो.

तिसरा प्रकार आवाजाचा व वासाचा. होल्डरांतून चरचर ऐकूं आली, जळकट वास आला, किंवा होल्डरची कड काळी पडलेली दिसली, तर आंत ठिणग्या पडत आहेत असें समजावें. जुने काळे होल्डर ज्या बेकेलाइटचे असत तो पदार्थ उष्णता पुष्कळ सोसतो, पण जुना झाला म्हणजे त्यास तडे जातात. असा होल्डर कौलांखालच्या सुक्या रिपेजवळ असेल तर धोका किती, हें सांगावयास नको.

चौथा प्रकार अकालीं बिघडण्याचा. चांगला एल.ई.डी. कित्येक वर्षें चालावयास पाहिजे. एकाच जागीं वर्षांत दोन दिवे गेले तर दुकानदारास दोष देण्यापूर्वीं ती जागा पाहावी. हंडी बंद आहे काय? होल्डर सैल आहे काय? विजेचा दाब एकाएकीं चढतो काय? वळवाच्या पावसांत वीज चमकूं लागली म्हणजे तारांतून दाबाचा तडाखा येतो. जुना बल्ब तो बहुधा सोशी, पण नव्या दिव्याचें चिमुकलें यंत्र त्यानें जळून जातें.

आतां दिवा बदलण्याची रीत. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही ध्यानांत ठेवावी, आणि मोठें माणूस जवळ असल्याखेरीज हें काम मुळींच करूं नये. केवळ दिव्याचें बटन बंद करून थांबूं नये. मीटरजवळचें मुख्य बटन बंद करावें. आमच्या मुलानें पहिलें केलें, दुसरें केलें नाहीं; चूक त्याची नव्हे, आम्हींच त्यास अर्धें शिकविलें होतें. दिवा दहा मिनिटें निवूं द्यावा. हात कोरडे असावेत, पायांत रबरी चप्पल असावी, स्टूल लांकडाचें व न डुलणारें असावें, आणि दुसरा हात भिंतीस टेकूं नये. दिवा गोळ्याला न धरतां मानेला धरून हलके दाबावा व फिरवावा. गोळ्याला पिळलें तर तो मानेपासून निखळतो आणि आंतील भाग उघडा पडतो. सी.एफ.एल. असेल तर त्याच्या नळ्यांस हात लावूं नये. होल्डरांत बोट, खिळा वा पेन्सिल कांहींहि घालूं नये.

पालकांस आणखी एक विनंती आहे. घरांतील फ्यूज किंवा एम.सी.बी. हीं तारांचें रक्षण करतात, माणसाचें नव्हे. माणसाच्या अंगांतून केवळ तीस हजारांश अँपिअर इतका प्रवाह गेला तरी प्राणावर बेतूं शकतें, आणि तेवढ्यानें फ्यूज हालतहि नाहीं. यासाठीं आर.सी.सी.बी. नांवाचें निराळें साधन मिळतें. गेलेली वीज व परत आलेली वीज यांत तीस हजारांश अँपिअरचा फरक पडतांच तें क्षणार्धांत वीज तोडतें. दोन-तीन वर्षांच्या दिव्यांतून जी बचत होते, तींतून याचा खर्च सहज निघतो. अर्थिंगहि वायरमनाकडून वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, तपासून घ्यावें.

आपल्या जिल्ह्यांत वर्षाला सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मे २०२१ मधील तौक्ते वादळानें केवढा हाहाकार केला आणि किती घरें दिवसचे दिवस अंधारांत राहिलीं, तें देवगडकरांस सांगावयास नको. अशा हवेंत खळ्यांतला, न्हाणीघरांतला व आंब्याच्या मांगरांतला दिवा साध्या होल्डरांत उघडा ठेवणें बरें नव्हे. पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव करणारीं आवरणें मिळतात. त्यांवर ‘आय.पी.’ या अक्षरांपुढें दोन आंकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘आय.पी. ६५’ असें असेल तर धूळ आंत जात नाहीं आणि पाण्याच्या धारेनेंहि बिघाड होत नाहीं. मात्र आवरण घट्ट बंद असतें, म्हणून मागें सांगितल्याप्रमाणें त्यांतील दिवाहि त्याच कामासाठीं केलेला असावा.

ज्यांच्या घरीं अद्याप जुने सी.एफ.एल. आहेत त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. त्यांच्या नळींत कांहीं मिलिग्रॅम पारा असतो. नळी फुटली तर मुलांना बाहेर काढावें, दारें-खिडक्या उघडून पंधरा मिनिटें खोलींत जाऊं नये, मग केरसुणी न लावतां जाड कागदानें काचा उचलाव्या, ओल्या फडक्यानें जमीन पुसावी, आणि तें सर्व झांकणाच्या बरणींत बंद करावें. पाऱ्यापासून काय होतें तें जपानांतील मिनामाता या किनाऱ्यावरील गांवानें जगास दाखविलें. तेथें कारखान्याच्या सांडपाण्यांतला पारा उपसागरांतील माशांत शिरला व माशांवाटे कोळ्यांच्या घरांत. १९५६ सालीं तो रोग ओळखला गेला. त्या गांवाच्या नांवानें २०१३ मध्यें राष्ट्रांनीं एक करार केला, आणि २०२५ पर्यंत सी.एफ.एल. दिव्यांचें उत्पादन व व्यापार थांबविण्याचें त्याअन्वयें ठरलें. आपलें गांवहि मासळीवर जगतें. तेव्हां जुना सी.एफ.एल. खाडींत वा परसांत फेंकणें आपणांस तरी शोभणार नाहीं. भारतांत २०१६ पासून पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत आले आहेत, म्हणून ते निराळे ठेवून तो कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावेत.

शेवटीं सणांविषयीं दोन शब्द. दिवाळींतला आकाशकंदील असो, गणपतीची आरास असो वा नाताळांतला कागदी तारा असो, त्यांत पूर्वीं बल्ब टेकून कागद करपे. एल.ई.डी.मुळें तें भय पुष्कळ कमी झालें, नाहींसें झालें नाहीं. पिळून जोडलेल्या उघड्या तारा, दंवांत भिजलेली माळ आणि एकाच पिनेवर चढविलेल्या चार माळा यांनीं अजूनहि घरें पेटतात. जोड पट्टीनें नीट गुंडाळावे, आणि निजावयास जातांना माळा काढून ठेवाव्या.

आमच्या पडवींत आतां नवा होल्डर आहे, बटन योग्य तारेवर आहे, आणि बंद केलें म्हणजे दिवा पुरता विझतो. पहिल्या रात्रीं तो अंधार पाहून आमच्या मुलास थोडें चुकल्यासारखें वाटलें. पण आम्हांस तो अंधार फार मोलाचा वाटला. विद्यार्थिमित्रांनो, हा अंक घरीं न्याल त्या रात्रीं एवढें करा: घरांतील सर्व दिवे विझवून एक मिनिट उभे राहा, आणि एकेका दिव्याकडे निरखून पाहा. एकादा दिवा अजून तेवत असेल, तर आईवडिलांस सांगा. तो काय सांगतो आहे तें आमच्यापेक्षां लवकर ऐका.